हात आठ तास तुमचे

आमची ही कवळ्या बनवते. एकोणीस वर्षं एकाच कारखान्यात. मेणाच्या हिरडीत एकेक दात असा बसवते की माणूस खदखदून हसला तरी कुणाला संशय येऊ नये. आणि रविवारी ही पंजा लढवते. हो, पंजाच! चाळिशीनंतर शिकली आणि बघता बघता शहराच्या अंतिम फेरीत पोचली.

पेपरात फोटो आला, खाली रविवारच्या अंतिम फेरीच्या हॉलचं नावही छापलेलं, आणि तिथेच माशी शिंकली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला: 'कामाच्या वेळेबाहेरही हाताला इजा होईल असं कोणतंही कृत्य परवानगीशिवाय करणार नाही.'

"सही करा, बाई. तुमचं मनगट गेलं तर माझ्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार?"

"साहेब, हात आठ तास तुमचे. सुटी झाली की माझे."

"मग सोमवारपासून येऊ नका!"

घरी येऊन हे सांगताना ती कढई अशी घासत होती की मला कढईची दया आली.

"अहो, जायचं ना रविवारी?"

"जायचं म्हणजे काय! जायचंच!" मी म्हटलं खरं, आणि रात्री हळूच पासबुक काढून शिल्लक बघितली.

दुसऱ्या दिवशी तोच कागद कारखान्यातल्या बाकीच्या दहाजणींपुढे आला. सगळ्यांनी निमूट सह्या केल्या. मी जाम चिडलो. ही मात्र मनगटाला तेल चोळत बसली.

रविवारी हॉलमध्ये शिरतो तर पहिल्या रांगेत त्या दहाजणी! सगळ्यांच्या हातात फोन. हिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी एक बुटकी, तिखट बाई आहे, तिला सगळे लवंगीच म्हणतात. ती फोनवर अगदी नम्रपणे विचारत होती, "साहेब, कांदा चिरायचाय. सुरीला धार आहे. चिरू का?"

तिने ठेवला की दुसरी. "साहेब, बरणीचं झाकण घट्ट बसलंय. उघडायची परवानगी आहे?"

मग तिसरी. "नातवाला उचलायचंय, साहेब. गुटगुटीत आहे हो!"

सकाळी सातपासून हेच चालू होतं म्हणे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात झुंज सुरू झाली. समोर गॅरेज चालवणारी बाई, दंड माझ्या मांडीएवढा. पहिला डाव पापणी लवायच्या आत गेला. दुसरा हिने खेचून आणला. तिसऱ्याला दोघींनी कोपरं टेकली आणि दार धाडकन उघडलं. साहेब! केस विस्कटलेले, हातात फोन.

"काय चाललंय हे?"

"बरं झालं आलात, साहेब," लवंगी म्हणाली. "टाळ्या वाजवायच्यात. हाताला लागेल का हो?"

अख्खा हॉल फुटला. साहेब लालबुंद झाले आणि मिळेल त्या खुर्चीत बसले.

हिचा हात कलत होता. टेबलाला टेकायला चार बोटं उरली. मी बाकावर चढून काय ओरडलो, देव जाणे. मग तिने मनगट आत वळवलं, जसं दात बसवताना वळवते तसं, हळूच, आणि गॅरेजवालीचा हात मागे मागे जात आडवा झाला! लवंगीने तर मलाच मिठी मारली.

सोमवारी अकराजणी एकदमच कारखान्यात शिरल्या. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बसा."

हिचा हात मात्र थरथरत होता. तिने लपवलं नाही. "आज पुढचे दात नको, साहेब. पॉलिशचं काम करते. उद्या भरून काढते."

साहेबांनी पॉलिशचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. "ठीक आहे," म्हणाले. त्या कागदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या मनगटाला बर्फ लावत होतो, आणि ती मला तिसरा डाव चौथ्यांदा सांगत होती.