पान न फुटलेली फांदी

भोंगा वाजला की आधी कुत्रं उठायचं आणि मग माणसं.

न्हावऱ्याहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या रानात, दूध संघाचं ते शीतकरण केंद्र होतं. गावोगावचं दूध तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुण्याकडे जायचं. दूध थंड करायला अमोनिया लागतो. हा वायू नळ्यांतून फिरतो तोवर गुणाचा. बाहेर सुटला तर डोळे जाळतो, आणि जास्त सुटला तर धडधाकट माणसाला जागेवर आडवं करतो. म्हणून मशीनघराच्या भिंतीवर एक सेन्सर बसवला होता. त्याला वायूची चाहूल लागली की भोंगा वाजायचा, मशीन आपोआप बंद पडायचं, आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून गेटजवळच्या चिंचेखाली जमायचं, असा नियम होता.

यंदा श्रावणाच्या तोंडाला भोंगा फारच वाजायला लागला. माणसं चिंचेखाली जमायची. दत्ता वायरमन नाकाला रुमाल लावून आत डोकावायचा आणि काही दिसत नाही म्हणून हात हलवत परत यायचा. तोवर टँकर खोळंबलेले असायचे, कॅनमधलं दूध नासायच्या बेताला आलेलं असायचं आणि चेअरमनचा फोन वाजत असायचा. केंद्राचा मॅनेजर विश्वजीत हा चेअरमनचा सख्खा पुतण्या. तो फोनवर नुसता "व्हय काका, व्हय काका" म्हणत राहायचा. अखेर तो पुण्याला एका ट्रेनिंगला गेला आणि येताना एक चित्र घेऊन आला. ते त्यानं जस्मिनच्या हातात दिलं.

जस्मिन केंद्रात दुधाची तपासणी बघायची. दौंडच्या ख्रिस्ती वस्तीतली ही मुलगी. तिची आई मार्था याच केंद्रात क्रेट धुण्याच्या कामाला होती. नवरा गेल्यावर मार्थाला हे काम सोपानराव आप्पांनी लावून दिलं, आणि जस्मिनला डेअरीचा डिप्लोमा करायला लावला तोही त्यांनीच. आप्पा म्हणजे केंद्रातले सगळ्यांत जुने सुपरवायझर. गळ्यात तुळशीची माळ, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांचा शब्द चेअरमनसुद्धा खाली पडू देत नसत.

चित्र तसं सोपं होतं. मासा खाऊन झाल्यावर ताटात त्याचा सांगाडा उरतो, तसं. डोक्याच्या जागी अडचण लिहायची. कण्याला काटे काढायचे, एकेका काट्याला एकेक नाव द्यायचं: माणसं, मशीन, कामाची पद्धत, माल, मोजमाप, भोवताल. मग प्रत्येक काट्यापाशी थांबून विचारायचं, का? उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही विचारायचं, का? असं खणत जायचं. ज्या 'का'च्या खाली आणखी 'का' सापडत नाही, तिथं दुखण्याचं मूळ असतं.

डोक्याच्या जागी काय लिहायचं ते मात्र विश्वजीतनं कुणाला विचारलं नाही. जाड पेनानं त्यानं स्वतःच लिहून टाकलं: 'भोंगा सारखा वाजतो.'

कँटीनच्या भिंतीला मोठा कागद लागला, सगळे जमले. आप्पांनी चष्मा पुसून कागदाकडे पाहिलं. "श्रावण चाललाय," ते म्हणाले, "आन् तुमी भिंतीला मासा टांगताय?"

"नुसता काटा हाय, आप्पा," दत्ता म्हणाला. "मासा साहेबांनी पुण्यातच खाल्ला."

सगळे हसले, विश्वजीतही हसला. जस्मिननं हसत हसत कागद उभा फिरवला, कण्याच्या शेंड्याला दोन पानं काढली आणि ही कडुनिंबाची डहाळी समजा म्हणाली. आप्पांची मान हलली. तेव्हापासून त्या कागदाला सगळे डहाळीच म्हणू लागले.

डहाळी भराभर भरत गेली. क्रेट धुण्याची खोली मशीनघराच्या भिंतीला लागूनच होती. तिथली वाफ सेन्सरला लागत असणार, असं कुणीतरी म्हणालं. सेन्सर जुना झाला, असं दुसऱ्यानं सांगितलं. पावसाळी हवा, दमट भिंत, विजेच्या दाबाचा खेळ, एकेक पान लागत गेलं. मशीनच्या फांदीपाशी दत्तानं सहज विचारलं, "आप्पा, त्या मागल्या व्हॉल्वचं सील बदलायचं ऱ्हायलं ना आपलं?"

"ते मी बघितलंय," आप्पा म्हणाले.

दत्ता पुढच्या फांदीकडे वळला. जस्मिनचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. पुढचा 'का' तिच्या ओठांवर आला होता. पण आपल्याकडे वडीलधारा माणूस 'बघितलंय' म्हणाला की त्याला का म्हणून विचारायचं नसतं. त्यातून आप्पा. तिनं पेन उचललं. मशीनच्या फांदीला त्या दिवशी पान फुटलंच नाही.

शेवटी ठरलं ते असं की दोष सेन्सरचा आहे, वाफेनं तो चकतोय, नवा येईपर्यंत त्याची तार काढून ठेवावी. विश्वजीतनं कागदावर जस्मिनची सही घेतली, त्याला प्लास्टिकचं वेष्टण घातलं आणि क्रेटच्या खोलीच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असं लावलं. दत्तानं तार काढली.

मार्थाला अक्षरं बेताचीच येत होती, पण लेकीची सही तिला ओळखता यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्या सहीवर बोट ठेवून दाखवायची. गीताबाई आणि रंगूबाई, तिच्या जोडीच्या, तिची चेष्टा करायच्या. लेकीची डहाळी आईच्या दारी लागली, आता तोरणच बांधा म्हणायच्या.

केंद्र शांत झालं. टँकर वेळेवर सुटू लागले. चेअरमननं फोनवर पुतण्याचं कौतुक केलं, पुतण्यानं जस्मिनचं केलं. जस्मिनला मात्र ती शांतता अंगावर आल्यासारखी वाटायची. आजारी लेकरू रडायचं थांबतं आणि ते बरं झालं की थकलं हे कळत नाही, तशी ती शांतता होती.

कुत्रं मशीनघराच्या पायरीवर झोपायचं, ते आता रस्त्यापलीकडे जाऊन झोपू लागलं. वळचणीला पारव्यांची घरटी होती, ती ओस पडली. संध्याकाळी स्कूटीवर मागं बसलेली मार्था पदरानं डोळे पुसत राहायची. जस्मिन विचारायची, तर धुण्याचा सोडा झोंबतो म्हणायची. खोकल्याला पावसाची हवा हे कारण होतंच. वासाचं म्हणाल, तर तिथं सोडा होता, फिनेल होतं, आंबलेलं दूध होतं. आणि नाकाची एक खोड असते, रोजच्या वासाची दखल घ्यायचं ते सोडून देतं.

एका दुपारी जस्मिन गेटकडे निघाली होती. चिंचेखाली आप्पा बसले होते. मांडीवर त्यांची पितळी घंटा होती. मशीनघरातल्या कोनाड्यात विठोबाची तसबीर होती, तिच्यापुढं ही घंटा असायची. रोज सकाळी ती वाजवल्याशिवाय आप्पा मशीन सुरू करू देत नसत. ते चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घंटा घासत होते. तिच्यावर निळसर हिरवी बुरशीसारखी साय चढली होती.

जस्मिन उभी राहिली. आप्पा दर एकादशीला घंटा घासतात हे तिला ठाऊक होतं. आज एकादशी नव्हती.

"परवाच घासली होती ना, आप्पा?"

"घासली की. टिकतच न्हाई बघ."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "हिरवी का पडते?"

"पावसाचे दिस. दमट हवा."

"घरी तुमच्या देव्हाऱ्यातली भांडी पडतात का अशी?"

आप्पांनी जरा आठवून पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले.

"मग इथलीच का?"

त्यांचा घासणारा हात मंदावला. अमोनियाच्या नळीला पितळेचा नट कधी लावायचा नसतो, हे जस्मिनला आप्पांनीच शिकवलं होतं, ती कामावर लागली त्या आठवड्यात. त्यो पितळ खातो, असं सांगताना त्यांनी एक कुरतडलेला नटही तिच्या तळहातावर ठेवला होता. आता ते घंटेकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे.

"वायू सुटतोय, आप्पा. का सुटतोय?"

"मागल्या व्हॉल्वचं सील गेलं आसंल."

"ते का बदललं नाही?"

"बदलायचं तर मशीन बंद ठिवावी लागती. चार दिस. तेवढ्या दिसांचं दूध गावांनी कुठं वतायचं?" त्यांनी ओला हात धोतराला पुसला. "गाईला सुट्टी आसती का, पोरी?"

बाप गेल्यापासून तिच्या डोक्यावर कुणी हात ठेवला असेल तर या माणसानं. तरी तिनं विचारलं.

"बंद ठेवायची नाही, हे कोण म्हणालं?"

चिंचेची दोन-चार बारीक पानं घंटेवर गळून पडली. आप्पांनी ती उचलली नाहीत.

"चेअरमन बंद ठिवा म्हणत व्हते," ते म्हणाले. "मी नगं म्हणालो. म्हणलं, मी बघतो."

आणि मग ते उठले. त्या वयाचा माणूस उठतो तसे नाही, झटक्यात उठले. सेन्सरची तार जिथं जोडायची ती मीटरची पेटी मशीनघराच्या बाहेरच्या बोळात होती. आप्पा तिच्याकडे चालत गेले, जस्मिन मागोमाग. दत्तानं मोकळं सोडलेलं तारेचं टोक त्यांनी जागेवर बसवून घट्ट पिळलं.

हात काढायच्या आत भोंगा सुरू झाला.

तो पूर्वीसारखा थांबून थांबून वाजत नव्हता. एका श्वासात, सलग वाजत होता. मशीनची घरघर थांबली. तिच्या जागी भिंतीमागून दुसराच आवाज ऐकू आला, कुकरची शिटी होण्याआधी येतो तसा, बारीक आणि न संपणारा. आप्पांनी उपरणं बोळातल्या पाण्याच्या बादलीत बुचकळून तोंडाला बांधलं आणि ते मागच्या मुख्य व्हॉल्वकडे वळले. "बायांना बाहेर काढ," एवढंच ते म्हणाले.

जस्मिन अंगणात आली आणि तिनं चिंचेकडे पाहिलं.

चिंचेखाली कुणी नव्हतं.

टँकरचा ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर घेऊन मोबाइल बघत होता. ऑफिसच्या खिडकीतून विश्वजीतनं डोकं बाहेर काढलं, दत्ताच्या नावानं ओरडून तार काढायला सांगितली आणि डोकं आत घेतलं. क्रेटच्या खोलीतून क्रेटवर क्रेट आदळल्याचा रोजचा आवाज येत होता. त्या आवाजातून, भोंग्याच्या वरताण, तिच्या आईचा आवाज आला. कुणाला तरी ती हसून समजावत होती.

"अगं, बस खाली. ते बिघडलंय. माझ्या पोरीनं शोधून काढलंय, दारावर लावलंय बघ."

जस्मिन धावली. दारावर प्लास्टिकमधली डहाळी होती, खाली तिची सही होती. तिनं दोन्ही हातांनी दार ढकललं. आतून आलेल्या हवेनं तिचे डोळे क्षणात मिटले. पुन्हा उघडले तेव्हा भिंतीच्या वरच्या फटीतून पांढरं धुकं खाली उतरताना दिसलं. त्याच्या खाली तिन्ही बाया वाकून क्रेट घासत होत्या, पदर नाकाला लावून, रोजच्यासारख्या.

"आई, बाहेर चल. सगळ्या बाहेर चला."

मार्थानं वळून पाहिलं. तिचे डोळे लालभडक झाले होते आणि ओठांवर मघाचं हसू अजून तसंच होतं. हातातला क्रेट तिनं खाली ठेवला नाही.

"का गं?" तिनं विचारलं.