इंजिनातली ठकठक

विजयमालाने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती गोठ्यात शेण काढत होती. रिठदच्या रस्त्यावरून त्यांच्या मळ्याकडे वळलं की थोडा चढ लागतो. त्या चढावर नवऱ्याची पिकअप आली की गाडी रिकामी आहे की वाशिमच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, न विकलेला माल तसाच मागे पडलेला आहे, हे तिला न बघता कळायचं. त्या दिवशी गाडी रिकामी होती. पण इंजिनाच्या घरघरीखाली आणखी काहीतरी वाजत होतं. बंद पेटीत कोणी अडकलंय आणि आतून ठोकत राहिलंय, तसं.

"अवो, गाडी काहून वाजून राह्यली?" तिने विचारलं.

रामराव मागचे क्रेट उतरवत होते. "कोन येऊन राह्यली?"

"कोनी नाई. गाडी! ठकठक करून राह्यली."

"डिझेलची गाडी हाये. ते वाजनार नाई तं का गाणं म्हननार?" असं म्हणून ते हसले आणि क्रेट घेऊन मांडवात गेले.

तिलाही हसू आलं, कारण गाडीच्या आवाजाबद्दल रामरावांना काही सांगणं म्हणजे उलटाच प्रकार होता. रिठदात कोणी जुनी पिकअप घ्यायला निघाला, की आधी त्यांना सोबत न्यायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग ते सांगायचे, याचा नोझल गेला, याचा टर्बो शिट्टी मारतो, हिला हात लावू नको. त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

पण आवाज वाढत गेला. भरल्या गाडीने चढ घेताना ठकठक घणासारखी व्हायची आणि सायलेन्सरमधून फटफट करत काळा धूर निघायचा. शेजारच्या मळ्यातल्या पुंजाजीची मेथी-कोथिंबीर याच गाडीत बाजाराला जायची. तो एक दिवस बांधावर येऊन म्हणाला, "वयनी, भाऊची गाडी आता फाट्यापासून आयकू येते. त्यायले सांगा ना काही."

"सांगतलं."

"मंग?"

"म्हनते, गाडी मस्त हाये."

दोनेक दिवसांनी भाऊसिंग मेकॅनिक स्वतःच घरी आला. फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. गाडी समोरून जाताना त्याने ओरडून सांगितलं होतं, उभी करा म्हणून. रामरावांनी राम राम केल्यासारखा हात वर केला आणि पुढे निघून गेले. "मले वाटलं, मह्यावर काही नाराजी हाये," तो विजयमालाला म्हणाला. मग रामरावांच्या समोर जाऊन त्याने मोठ्याने सांगितलं, "भाऊ, आतून ठोकून राह्यली गाडी. चालू करा बरं."

रामरावांनी गाडी चालू केली, बोनेट उघडलं. आवाजाने गोठ्यावरचा पत्रा थरथरत होता, कोंबड्या पार कुंपणापलीकडे पळाल्या. रामरावांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाशी धरली. मग टोक सरकवलं. परत सरकवलं. मूठ दुसऱ्या कानाला लावली. पूर्वी अशा वेळी ते डोळे मिटायचे. आज त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते भाऊसिंगच्या चेहऱ्यावर खिळलेले होते. आवाज काय आहे, हे ते त्याच्या तोंडावरून शोधत होते.

टीव्हीचा वाढलेला आवाज, फोन वाजला की तो तिच्या हातात देणं, चारचौघांत सगळे हसून झाल्यावर मग यांचं हसणं, सगळं एकदम विजयमालासमोर आलं.

"टॅपेट ढिलं हाये, बारीक काम," रामराव म्हणाले. "सवडीनं करू."

भाऊसिंगने बोलायला तोंड उघडलं. विजयमालाने मागून 'नको' अशी मान हलवली. तो तसाच निघून गेला.

रात्री बोलू, असं तिने ठरवलं होतं. पण जेवताना तिने 'भाजी वाढू का' विचारलं, तेव्हा ते तिच्या ओठांकडे बघत होते, आणि इतक्या सराईतपणे, की तिला पुढे काही बोलवलं नाही. ज्या माणसाला गाव कानासाठी ओळखतं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा आपणच सोबत जावं, असं तिला वाटलं. "मी बी येतो बाजारात. वांग्याचा भाव पाहतो," तिने सांगितलं. रामरावांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

ती सोबत जाऊ लागली. समोरून, मागून कोणी हॉर्न दिला की ती काहीतरी निमित्त करून हात दाखवायची. "तो पाहा ट्रक," म्हणायची. आठवडा असाच गेला. इंजिनाचं मात्र तिला काही करता येईना.

त्या दिवशी नुकतं उजाडत होतं. मागे त्यांची वांगी आणि पुंजाजीची ओल्या पोत्याखाली झाकलेली मेथी होती. वाशिम जवळ आलं आणि ठकठकीचा एकदम दणदणाट झाला. पायाखालचा पत्रा हादरू लागला.

"थांबवा!" ती ओरडली. रामराव समोर बघत राहिले. तिने त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. ते वैतागून वळले, आणि तेवढ्यात बोनेटखाली काहीतरी फुटलं. धक्का त्यांनाही जाणवला. गाडी फरफटत जाऊन अर्धी रस्त्यावरच थांबली. इंजिनातला दांडा तुटून बाहेर आला होता आणि काळं ऑईल मागे लांबपर्यंत सांडलं होतं.

रामराव उतरले. त्या ऑईलच्या रेषेवरून चालत रस्त्याच्या मध्यात गेले आणि खाली वाकून बघत राहिले. त्यांच्या पाठीमागून, वाशिमकडून, ट्रक येत होता. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. विजयमाला धावली. तिने त्यांचा सदरा मागून धरला, सगळा जोर लावून ओढला, आणि दोघं रस्त्याकडेच्या मुरमात पडली. ट्रक वाऱ्यासारखा निघून गेला. तो गेल्यावरच रामरावांना दिसला.

दोघंही बराच वेळ उठली नाहीत. तिचा कोपर सोलून निघाला होता. मग ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुमाले आयकू येत नाई?"

रामराव म्हणाले, "नाई."

आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "मागच्या तुरीच्या हंगामापासून. आधी वाटलं, कानात मळ असन. मंग समजलं. पन सांगतलं असतं तं गाडी गेली असती हातातून."

"आन आज तुमी गेले असते तं?" हे मात्र ती ओरडून बोलली.

ते सदऱ्यावरचा मुरूम झटकू लागले. मग म्हणाले, "सपनात साफ आयकू येते मले. गाडीबी, तूबी. उठलो का बंद."

"मलेबी माईत होतं," ती म्हणाली. "मी बी नाई बोलली." त्यांना ते समजलं की नाही, हे तिने विचारलं नाही.

भाऊसिंगने गाडी ओढून आणली. मेथी उन्हात पिवळी पडली. दुसऱ्या दिवसापासून पुंजाजीचा माल दुसऱ्या गाडीत जाऊ लागला. अकोल्याच्या डॉक्टरने कान तपासून सांगितलं, नस गेली आहे, ती परत येत नाही. मशीन लावा, बोलणं थोडं समजेल, गाडी मात्र चालवू नका. मशीन लावल्यावर रामरावांना सगळं जग डबा बडवल्यासारखं वाजायला लागलं. दोन दिवसांत त्यांनी ते काढून ठेवलं.

भाऊसिंगने इंजिन नव्याने बांधलं. गाडी धनजच्या मदनसिंगने घ्यायची ठरवली. तो आला, फेरी मारून बघितली, खूश झाला. अंगणात गाडी चालू होती. रामरावांनी बोनेटवर तळवा टेकवला.

"कसा हाये आवाज?" त्यांनी विजयमालाला विचारलं.

"चांगला हाये."

"चांगला म्हंजे कसा? सांग ना."

तिने आयुष्यात कधी असं सांगितलं नव्हतं. ती इंजिनाजवळ गेली, कान दिला, आणि मग त्यांच्यासमोर येऊन एकेक शब्द सुटा करत बोलली, "एकसारखा हाये. मंधात कुठी अडकत नाई. जात्यावर बारीक दाने पडल्यावानी."

रामरावांनी मान डोलावली. "मंग बराबर बांधलं भाऊसिंगनं," ते म्हणाले आणि हात काढला.

मदनसिंग गाडी घेऊन उतारावरून गेला. वळणाच्या बाभळींमागे ती दिसेनाशी झाली, तसे रामराव वळले आणि घरात गेले. विजयमालाला मात्र ती अजून ऐकू येत होती. फाट्यावर गिअर बदलल्याचं तिला कळलं, आणि मग आवाज हळूहळू रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांत मिसळून गेला. तोवर ती अंगणातच उभी होती.