मिठाचा अंदाज

आमच्या माहेरी स्वयंपाक चाखून बघायची पद्धत नव्हती. नैवेद्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून आईच्या हाताला मीठ कळायचं, आणि तिच्यामुळे माझ्याही. चिमटीत घेतलं की बोटं सांगतात, पुरे का अजून. लग्न होऊन लीड्सला आले तेव्हा इथल्या मराठी डॉक्टरांच्या बायका गणपतीच्या आदल्या दिवशी मला फोन करायच्या, सुप्रभा, चाळीस माणसांच्या मसालेभाताला मीठ किती गं? मी उभ्या उभ्या सांगायचे. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच, आणि ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचे हे, डॉक्टर माधव, ऑपरेशनआधी भूल देणारे. पुण्याहून निघताना त्यांनी सासूबाईंना शब्द दिला होता की तिकडच्या घरात मांस-मच्छी शिरणार नाही. यांनी शब्द दिला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साहेबांच्या घरी डिनरला गेलो की अंड्याचा केकसुद्धा परत करायचे, आणि वर तो का परत केला ते दहा मिनिटं समजावून सांगायचे. मी शेजारी बसून हातरुमालाच्या घड्या घालायची.

आमचा रवी शहाऐंशी साली दहा वर्षांचा होता आणि जेवायचा म्हणून नाही. वरणभात पुढे ठेवला की कुणीतरी गणित घातल्यासारखा बघत बसायचा. शाळेच्या नर्सची चिठ्ठी आली, वजन फार कमी आहे. हे म्हणाले, भूक लागली की खाईल. डॉक्टर लोक दुसऱ्यांच्या पोरांची काळजी करून इतके दमतात की घरच्यासाठी काही उरत नाही.

शेजारी मिसेस लाऊ राहायची, हाँगकाँगची. नवऱ्याचं मेन रोडवर टेकअवे होतं आणि मुलगा पीटर रवीच्या वर्गात. एका संध्याकाळी रवीला आणायला गेले तर हा तिच्या किचनमध्ये भलामोठा बोल पुढ्यात घेऊन बसलेला, हनुवटीपर्यंत सॉस, आणि बोल जवळजवळ रिकामा. त्याला असं खाताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काय आहे हे? "बीफ नूडल्स," ती म्हणाली, मी बटाटा म्हणावं इतक्या सहज.

घरी येताना रवी म्हणाला, "आई, तू रागवली? बाबाला नको सांगू ना."

"पोट भरलं का?" मी विचारलं.

"हो. फुल."

मग मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

आधी मी तशाच नूडल्स कोबी घालून करून बघितल्या. मग देवाची माफी मागून चिकन घालून बघितलं. दोन घास खाऊन त्यानं ताट सरकवलं. तिसऱ्या बुधवारी मी मार्केटमधल्या खाटकापुढे उभी राहिले, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून चारी बाजूंना बघून, आणि म्हटलं, अर्धा पौंड, पातळ काप.

करायला मला मिसेस लाऊनंच शिकवलं, तिच्या शेगडीपाशी उभं करून. मांसाच्या पट्ट्यांना चमचाभर कॉर्नफ्लॉवर, जराशी साखर, काळा सॉस. कढई धूर येईतो तापवायची, पट्ट्या मिनिटभर परतून काढून घ्यायच्या. मग आलं, लसूण, पातीचा कांदा, उकडलेल्या नूडल्स, पुन्हा काळा सॉस, वर पट्ट्या. दहा मिनिटांत खेळ खलास. मीठ तिनं घातलंच नाही. मला वाटलं, बोलण्याच्या नादात विसरली. शिकवणाऱ्या बाईच्या चुका काय काढायच्या म्हणून मी गप्प बसले. घरी मी माझ्या अंदाजानं घातलं.

बुधवारी यांची ऑपरेशनं साडेसातपर्यंत चालायची, म्हणून बुधवार. रवी शाळेतून आला की मी देवाच्या कपाटाचं दार लावायची, खिडकी सताड उघडायची, हातात पिवळे रबरी ग्लोव्हज चढवायची. मिसेस लाऊनं दिलेली जुनी कढई, सॉसची बाटली आणि एक ताट गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे असायचं. त्या बाटलीला माझं बोटही कधी उघडं लागलं नाही. सगळं उरकलं की घासून पुन्हा गॅरेजमध्ये, मग डोक्यावरून आंघोळ, मग धूप. हे आले की म्हणायचे, वा, घर कसं देवळासारखं वाटतं.

रवी खात असताना मी समोर बसायची आणि दर वेळी एकच विचारायची, "मीठ बरोबर आहे?"

"परफेक्ट," तो म्हणायचा. दोन ग्लास पाणी प्यायचा आणि ताट लख्ख करायचा. मला वाटायचं, पोरगं घाईघाईनं गिळतंय, म्हणून पाणी लागतंय. आणि मनात म्हणायचे, बघ, ज्याला शिवत नाही, ज्याचा वास घेताना पदर नाकाला लावते, त्यालाही माझा हात चुकत नाही.

आठ वर्षं हे असं चाललं. रवी बापाच्या डोक्यावरून उंच गेला आणि चौऱ्याण्णव साली साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत गेला. मी कढई पुसली, तेलाचा हात लावला आणि ठेवून दिली.

शहाण्णवच्या मार्चमध्ये रेडिओवर बातमी आली. गाईंचा तो मेंदूचा रोग माणसांत आला असावा, तरुण मुलं दगावली आहेत, बीफशी संबंध असण्याची शक्यता आहे, असं सरकारनं पार्लमेंटमध्ये कबूल केलं होतं. यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बघ सुप्रभा, आईला दिलेला शब्द कुठे कामाला आला." ते हसले. मी तो कप तीनदा धुतला.

दुसऱ्या दिवशी हे हॉस्पिटलला गेल्यावर मी रवीला फोन केला. तो म्हणाला, "आई, रिलॅक्स. इथे सगळेच बर्गर खातात. काही नाय होत." मी वर्षभर त्या वाक्यावर काढलं.

मग फोनवर तो रडायला लागला. कारण सांगता यायचं नाही. पाय दुखतात म्हणायचा, परीक्षा सोडली, घरी आला. डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या. उन्हाळ्यात जिना उतरताना तो कठड्याला दोन्ही हातांनी धरायला लागला, तेव्हा आम्हाला मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे आम्ही तिघं एका ओळीत बसलो, मध्ये रवी. डॉक्टरांनी बरंच विचारलं, आणि मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "बीफ खातो?"

"नेव्हर," हे म्हणाले. "स्ट्रिक्ट व्हेजिटेरियन. जन्मापासून. आय कॅन व्हाऊच फॉर इट."

रवीनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला नीट बोलता येत होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिला. पोरगं मला वाचवत होतं, आणि मी त्याला वाचवू दिलं. मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहिते, मला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या रेघेमुळे चार महिने गेले. शरीरात काही सापडत नाही, म्हणजे मनाचं असणार, असं ठरलं आणि रवीला मानसिक रोग्यांच्या वॉर्डात ठेवलं. मी रोज डबा घेऊन जायची. एक दिवस पोचले तर तो कॉरिडॉरमध्ये जमिनीवर पडलेला, एक चप्पल लांब, आणि एक नर्स हाताची घडी घालून उभी. "त्याला चालता येतं," ती मला म्हणाली. "मनात असलं की येतं. तुम्ही उचलू नका." रवी चप्पल ओढायचा प्रयत्न करत होता आणि हात चपलेच्या शेजारी पडत होता. पुन्हा उचलायचा, पुन्हा शेजारी पडायचा. मी डबा खाली ठेवला आणि त्याला उचललं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या मी म्हटलं, "बीफ. एव्हरी वेन्सडे. आठ वर्षं. मी कुक केलं, माझ्या हातानं."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्याच्या पेशंटबद्दल विचारावं तशा आवाजात डॉक्टरांना विचारलं, "मग आता पुढे काय?"

डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, त्यातूनच झालं असं कुणी सांगू शकणार नाही, मिसेस. तो बाहेर बर्गरही खात असणार, आम्ही सगळेच खातो. फक्त आता काय शोधायचं ते कळलं. शोधलं, आणि तेच निघालं. औषध तेव्हाही नव्हतं, चार महिने आधीही नव्हतं. पण ते चार महिने त्याला कुणी खोटारडा म्हणालं नसतं.

येताना गाडी यांनी चालवली. सिग्नल हिरवा झाला तरी थांबूनच राहिले. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा निघाले. त्यानंतर आमच्या घरात बोलणं उरलं ते औषधांच्या वेळांचं. आठची दिलीस? दिली. कुशीवर वळवायचं आहे. धरते. मला वाटायचं, ओरडावं यांनी, निदान विचारावं तरी, का केलंस. त्यांनी विचारलं नाही. ती शिक्षा त्यांनी मुद्दाम दिली की त्यांच्याकडे शब्दच उरले नव्हते, हे मला अजून माहीत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत रवीचं बोलणं गेलं. पुढच्या खोलीत त्याचा पलंग लावला होता. मार्चमध्ये त्यानं खिचडीला तोंड मिटायला सुरुवात केली. वरणाला, खिरीला, सगळ्याला. घरी येणारी नर्स म्हणाली, त्याला जे आवडायचं ते द्या, अगदी मऊ करून, चमच्याच्या टोकावर. तेव्हा हे खोलीत होते. कोट घालून बाहेर गेले.

तासाभरानं आले आणि किचनच्या ओट्यावर सुपरमार्केटची पिशवी ठेवली. आत पातीचा कांदा, नूडल्सचं पाकीट, काळ्या सॉसची नवी बाटली आणि प्लास्टिकखाली लाल मांस.

"बुधवार आहे," हे म्हणाले. "ती कढई कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. रंगाच्या डब्यांमागे."

त्यांनी ती आणली. गंज चढला होता. नळाखाली उभं राहून त्यांनी ती तारेच्या काथ्यानं घासली, बाह्या न सारता, मनगटापर्यंत भिजले तरी. मग पुसून शेगडीवर ठेवली आणि दाराशी उभे राहिले. मी देवाचं कपाट लावलं नाही. ग्लोव्हज घातले नाहीत. मांस किती गार असतं हे मला पहिल्यांदा कळलं.

कॉर्नफ्लॉवर, साखर, सॉस. धूर येईतो कढई. पट्ट्या, आलं, लसूण, कांदा, नूडल्स, सॉस. चिमटीनं मीठ, नेहमीचं. आणि मग मी सवयीनं टेबलाकडे वळले, विचारायला. टेबलाशी कुणी नव्हतं.

तेव्हा मी एक नूडल उचलली आणि तोंडात घातली.

ती खारट होती. जीभ आक्रसली, डोळ्यांत पाणी आलं, इतकी खारट. मी नवी बाटली उघडून सॉसचा थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. तो सॉसच मीठ होता. मिसेस लाऊ काही विसरली नव्हती.

"काय झालं?" यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत औषधाखेरीज विचारलेली पहिली गोष्ट.

"हे खाण्यासारखं नाहीये," मी म्हटलं. "कधीच नव्हतं. नुसतं मीठ आहे. आणि तो मला परफेक्ट म्हणायचा."

त्यांना कळायला वेळ लागला. मग ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो खातोय म्हणून मी आठ वर्षं करत राहिले, आणि आई एवढं करतेय म्हणून तो आठ वर्षं खात राहिला. एकदा जरी शी म्हणाला असता तर कढई मिसेस लाऊला परत गेली असती.

मी नूडल्स चाळणीत घातल्या, गरम पाण्यानं दोनदा धुतल्या, वाटून पातळ केल्या आणि वाटी घेऊन पुढच्या खोलीत गेले. चमच्याचं टोक ओठाला लावलं. रवीनं तोंड उघडलं. गिळायला त्याला फार वेळ लागला, पण गिळलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

"मीठ बरोबर आहे?" मी विचारलं.

तो छताकडे बघत होता. वाटी संपल्यावर मी पाणी आणलं, आणि चमच्या चमच्यानं त्याला पाजत राहिले.