भिंतीलगतच्या झाडांचं तेल

बाजारात गिऱ्हाईक परत येतं ते माल आवडला म्हणून, नाहीतर भांडायला. ग्रीसमधल्या कलामाताच्या शनिवारच्या बाजारात सासऱ्यासोबत ऑलिव्हचं तेल विकून विकून पोलिक्सेनीला आता माणसाच्या चालण्यावरूनच कळायचं, कोण कशाला आलंय ते. म्हातारा पोस्टमन लाम्ब्रोस मात्र तिला कळेना. तो ना हसत होता, ना चिडलेला होता. अर्धा डबा फळीवर ठेवून नुसता उभा राहिला.

"काय हो, खवट निघालं की काय?"

"तेल झकास आहे, पोरी. पण ते वाढलं की जेवायला एक माणूस येऊन बसतो. टोपी काढत नाही, बोलत नाही. वाटीकडे बघत बसतो."

"वाईन जरा बेतानं घेत जा."

"मीपण स्वतःला तेच बजावलं. मग बायकोनं एक दिवस दुकानातलं तेल वाढलं. त्या दिवशी नाही आला." आणि पैसे परत न मागताच म्हातारा गर्दीत निघून गेला.

पोलिक्सेनीने सासऱ्याकडे पाहिलं. अनेस्तीस म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा गळा. पार मासळीवाल्यांपर्यंत त्याची आरोळी जायची. आज तो खाली मान घालून पुसलेलीच झाकणं पुन्हा पुसत होता.

"बाबा, या डब्यांत काय भरलंय?"

"तेल. दुसरं काय भरणार, समुद्राचं पाणी?"

"बाबा."

"यंदा झाडं रुसली ते तू बघितलंस ना? मग गिऱ्हाइकांना काय सांगायचं होतं, पुढच्या वर्षी या म्हणून?" त्याचा आवाज खाली आला. "भिंतीलगतच्या झाडांचं मिसळलं थोडं."

भिंत म्हणजे गावच्या दफनभूमीची. त्या झाडांचं तेल कबरींवरच्या दिव्यांत जातं, जिवंत माणसाच्या तोंडी लागत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते तेल काढायचं आणि रोज संध्याकाळी दिव्यांत घालायचं काम पिढ्यान् पिढ्या याच घराकडे होतं.

"मग दिवे कशानं लावता?"

"अर्धं गाव पोटापाण्यासाठी जर्मनीत आहे गं. कोण बघायला येतंय?"

म्हणजे दिवे बंद होते. पोलिक्सेनीला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. तिची मिर्तो त्याच भिंतीच्या आत होती. सात वर्षांची पोर तापाने गेली, आणि तिला पुरून आल्यापासून पोलिक्सेनीचे पाय एकदाही तिकडे वळले नव्हते. सासरे दिवा लावतात, या एका गोष्टीवर तिने मनाची समजूत घातली होती.

तेवढ्यात इव्हांथिया आली, मागच्या गल्लीत एकटी राहणारी विधवा. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अजून दोन डबे काढ बाई! माझ्याकडे रोज पाहुणी असते. एवढीशी मुलगी. कुणाची आहे देव जाणे. पावाच्या कडा तेवढ्या तेलात बुडवून खाते आणि आतल्या गाभ्याच्या गोळ्या वळून ओळीनं मांडून ठेवते. मी ओरडते, तर हसते लबाड!"

पोलिक्सेनीच्या हातातलं नरसाळं खाली पडलं. गोळ्या मांडते म्हणून तिने एकदा मिर्तोच्या हातावर चापट मारली होती.

"मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. सासऱ्याला एवढंच सांगितलं, "एकही डबा विकू नका. विकलेत तेवढे परत मागवा." अनेस्तीस डबे फळीखाली सरकवू लागला.

दिवस हिवाळ्याचे, लवकर मावळलं. इव्हांथियाने बशीत तेल ओतलं, पाव कापला, आणि दोघी वाट बघत बसल्या. दार वाजलं नाही. तिसऱ्या खुर्चीत मिर्तो बसलेली होती, इतकंच. कधी आली ते कुणालाच दिसलं नाही.

"मिर्तो," पोलिक्सेनीने हाक मारली.

पोरीने अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि खुर्ची इव्हांथियाच्या बाजूला सरकवली.

इव्हांथियाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "तुझी आहे?" मग तिने पोलिक्सेनीचं मनगटच धरलं. "राहू दे गं इथे. मी हिला जपते. मला दुसरं कोण आहे?"

"तेल संपल्यावर ही कुठे जाते?"

इव्हांथियाने तिचं मनगट सोडलं. "बशी पुसली की जाते. जाताना रडते."

पोलिक्सेनीने मुलीचा हात हातात घेतला. तो थंडगार होता, नखांत माती होती. या पोरीला अंधाराची इतकी भीती, की स्वयंपाकघरातला दिवा विझवला तरी किंचाळायची. पोलिक्सेनीने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो उचलला. मिर्तो डब्यामागोमाग जिना उतरली. वरून इव्हांथियाचं रडणं ऐकू येत राहिलं.

पिकअपमध्ये मिर्तो डबा मिठीत घेऊन बसली. पोलिक्सेनी वाटभर बोलत राहिली, मांजराबद्दल, मावशीच्या नव्या बाळाबद्दल. गावाच्या फाट्यावर तिने गाडी थांबवली. डावीकडे घर होतं. डब्यात इतकं तेल होतं, की रोज चमचाभर वाढलं तर वसंतापर्यंत पोर समोर बसली असती. कुणाला कळणार होतं? तिला ती हवी होती. ओळख देवो न देवो, हवी होती.

मिर्तोचे दात वाजत होते.

पोलिक्सेनीने गाडी उजवीकडे वळवली.

दफनभूमीत काळोख होता. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चाचपडत तिने नाव शोधलं. आपल्याच मुलीची जागा तिला माहीत नव्हती. कबरीवरच्या काचेच्या पेटीतली काजळी पुसून तिने दिव्यात तेल ओतलं, वात भिजवली. वात पेटली की बाजूला कुणी उरणार नाही, हे तिला कळत होतं. काडी धरलेला हात थांबला.

"काकू," मिर्तो पहिल्यांदाच बोलली. "माझ्या आईला सांगाल, मी इथे आहे म्हणून? ती कधी आलीच नाही. तिला बहुतेक रस्ता माहीत नाही."

"सांगते," पोलिक्सेनी म्हणाली, आणि तिने काडी ओढली.