अंगठ्यावरून चाक गेलं तेव्हा

“एक शब्द, काकू. कुठलाही चालेल. पण तो त्यांच्या तोंडून आपणहून यायला हवा.”

स्पीच थेरपिस्ट मायाताईंनी पहिल्याच दिवशी मला हे सांगून ठेवलं होतं. यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेवीस दिवस मी कोपरीहून डोंबिवलीच्या त्या रुग्णालयात जात होते, यांच्या कानाशी नाम घेत होते. “राम म्हणा” म्हटलं की हे पंख्याकडे बघायचे.

मंगळवारी रसिका सिस्टर यांना खुर्चीत बसवत होती. पोरगी नवी, हात घाईचे. तिनं सलाइनचा स्टँड ओढला आणि त्याचं चाक यांच्या चांगल्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं.

हे बोलले!

एकच शब्द, पण खणखणीत. तीस वर्षं एमआयडीसीत कामगारांवर ओरडताना वापरलेला असणार. घरात मी तो कधी ऐकला नव्हता. रसिका रडायला लागली. मला एकाच वेळी रडू आणि हसू फुटलं, आणि हात कानांवर गेले ते वेगळंच.

शेजारच्या खाटेवरचे कुंडलिकमामा कानातलं मशीन शोधत म्हणाले, “काय बोलला रे प्रभाकर? ऐकायचं राहिलं! पण वहिनींचं तोंड बघून वाटतं, झकास असणार. ए पोरी, माझ्या गुडघ्यावरून पण एक चक्कर मार ना!”

तेवढ्यात हेड सिस्टर नीला आल्या. अंगठा काळानिळा झालेला.

“हे कोणी केलं?”

“माझ्याकडून झालं सिस्टर. पण काका बोलले!”

“काय बोलले?”

रसिकानं माझ्याकडे पाहिलं. चातुर्मासात अपशब्द तोंडातून काढायचा नाही, हे माझं व्रत. मी पदराशी खेळत पुटपुटले, “ते... देवाचं नाव असावं.”

“असावं?” नीला सिस्टरनी यांना विचारलं, “काका, म्हणा, राम.” यांनी पंख्याकडे बघितलं. “झालं! रसिका, पेशंटला इजा करून वर थापा मारतेस? डॉक्टर केबिनमध्ये आलेत. मी कळवते त्यांना. तू बॅग भर.” त्या निघून गेल्या.

खोटं मी बोलले आणि नोकरी हिची चालली.

“राहू द्या काकू,” रसिका डोळे पुसत म्हणाली. “तुमचं व्रत मोडेल.”

“व्रत माझं आहे, मी बघून घेईन. तू बॅगेला हात लावू नकोस. डॉक्टरांना मी सांगते. हे जसं बोलले, अगदी तसंच.”

“सगळा शब्द?”

“सगळा.”

एवढं ऐकून यांच्या डाव्या गालावर तिरकं हसू आलं. बायको आता काय बोलणार याची मजा वाटली असावी. मी कुठे चुकायला नको म्हणून की काय, यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला. सावकाश, फोड करून.

“कळला हो,” मी म्हटलं.

जपमाळ यांच्या उशाशी ठेवली, पदर नीट खोचला आणि ओठातल्या ओठात शब्दाची एकदा उजळणी करत केबिनकडे निघाले.