दारावर आलेलं टोकन

दुःखाच्या घरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही, ही आपली रीत. प्रेमराज नाना गेल्यापासून जळगावात मेहरूण भागातल्या त्यांच्या घरी रोज माणसं दारावर, म्हणजे सांत्वनाला, येत होती. त्यांची मुलगी मेघा सगळ्यांना पाणी देत फिरत होती. बसलं की नानांची खुर्ची दिसायची, म्हणून ती बसतच नव्हती.

त्याच गर्दीत तिचा चुलतभाऊ नीलेशने मोबाईल काढला. "हे क्रिप्टो टोकन घ्या, मोबाईलवरचं नाणंच समजा. सहा महिने लॉक करा, दरमहा वाढ! नेटवर्क वाढतंय, भाव वाढणारच. नानांनाही पटलं असतं."

शेवटचं वाक्य मेघाला टोचलं. पण पाहुण्यांसमोर वाद कशाला? ती गप्प राहिली.

तेवढ्यात साक्रीहून आलेल्या भिकुबाई आत्याने तिचा हात धरला. "पोरी, माले काय समजत नही. नीलेश म्हनस, पाटल्या मोडी टाक. तू काही बोलनी नही, म्हंजे चांगलंच शे ना?"

मेघाने हातातला तांब्या खाली ठेवला. तिचं मौन आत्याने घराचा होकार मानलं होतं!

मेघाच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी तिची मैत्रीण कशिश भेटायला आली होती. मेघा तिला म्हणाली, "खरं काय ते सांग. सगळ्यांसमोर."

"आज? इथे?"

"इथेच."

कशिश शांतपणे बोलू लागली. "नीलेशभाऊ, खऱ्या नेटवर्कमध्ये टोकनला काम असतं. व्यवहार तपासणाऱ्यांना त्यातून मजुरी मिळते. ते स्वतःची टोकनं अनामत ठेवतात. लबाडी केली तर जप्त. व्यवहार करणारा शुल्क भरतो. त्या कामाची गरज असते, म्हणून टोकन लागतं. तिथेही भाव कोसळतात, पण निदान काम तरी असतं. तुमच्या टोकनवर कुठलं काम चालतं?"

"काम कसलं? लॉक करून ठेवायचं."

"मग वाढ कोण देतं?"

"नवे सभासद येतात ना!"

बोलून गेला आणि नीलेश स्वतःच थबकला.

"वा रे भाऊ!" कोपऱ्यातून चुडामण मामा म्हणाले. "पुढच्या पंगतीचं वाढून घेऊन आपण जेवायचं. आणि शेवटची पंगत उपाशी?"

नीलेशचा चेहरा उतरला. "मी माझेही पैसे टाकलेत, ताई! बुडवायला आलो का मी?"

"नाही रे," मेघा म्हणाली. "तुलाही कुणी प्रश्न विचारू दिला नाही. पण नानांचं नाव यात घेऊ नकोस. आणि आत्या, पाटल्या हातातच राहू द्या!"

मग नीलेशने तिथूनच धुळ्याला सासऱ्यांना फोन लावला. "आबा, थांबा. पैसे भरू नका. मलाच नीट कळलं नव्हतं."

वाचकहो, दारावर आलेल्याचा मान जरूर राखावा. त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवू नये. टोकन असो की आणखी काही, आधी विचारावं: हे कुणाच्या कामावर चालतं? उत्तरात काम नसेल, नुसता पुढचा माणूस असेल, तर सुतकातही मोठ्याने 'नाही' म्हणावं. आपल्या गप्प बसण्यावर कुणाचं तरी आयुष्यभराचं सोनं टांगलेलं असतं.