फुंकरबाबा आणि भिंतीतली बाई

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीवरसुद्धा माणसं चढून बसली होती. मधोमध चटईवर एक सून आडवी पडली होती, हातापायांत त्राण नाही, डोळे अर्धवट मिटलेले. तिच्या उशाशी फुंकरबाबा. त्यांनी गाल फुगवून तिच्या कपाळावर लांबलचक फुंकर घातली, मग दुसरी, मग तिसरी. अर्धा-पाऊण तास फुंकाफुंकी झाल्यावर सून उठून बसली आणि तिने पाणी मागितलं.

"तिसऱ्यांदा," कुणीतरी गहिवरून म्हणालं. "एका फुंकरीत उठवलं."

एका म्हणजे नेमक्या किती, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

सर्वांत पुढे सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. चमत्कार त्यांच्या घरचा, त्यामुळे हल्ली जिन्यात लोक त्यांना वाट करून देत. हा मान त्यांना आवडत होता आणि आतून खातही होता.

"तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक बाई आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ती सुनेच्या डोक्यावर बसते."

"पण महाराज, गॅसची तपासणी असते त्या दिवशी माझं डोकं दुखत नाही," सून क्षीण आवाजात म्हणाली. "दोन्ही वेळेला असंच झालं."

"अहो, भूतसुद्धा अधिकाऱ्याला टरकून असतं."

लोक हसले. सासूबाईंना हसू आलं नाही. त्यांना कारण ठाऊक होतं, निदान अर्धं तरी.

स्वयंपाकघरात गॅसच्या गिझरजवळ हवेसाठी एक जाळी होती. तिथून येणारा गार वारा त्यांच्या गुडघ्यांना झोंबायचा. म्हणून त्यांनी जुन्या शालीचा बोळा जाळीत कोंबला होता आणि पुढे डबे मांडले होते. तपासणीची तारीख आधी कळायची. त्या सकाळी बोळा निघायचा, तपासणीच्या बाई गेल्या की परत आत. "जाळी बंद करू नका हं, आजी," असं बाईंनी बजावलं होतं. पण गॅसचा वास कधी आला नव्हता, मग बिघडलं कुठं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. आणि आता सांगायचं म्हणजे एवढ्या लोकांत नाचक्की. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले.

शेवटचा उपाय रविवारी ठरला. बाबांनी स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घेतली, फटींत कापडं भरायला लावली. मध्ये सून, शेजारी सासूबाई आणि त्यांचा मुलगा. बाहेर सगळा जिना कान टवकारून उभा.

"गरम पाणी सोडा. वाफेत तिचा चेहरा दिसेल."

गिझर पेटला, वाफ दाटू लागली.

"ये बाहेर!" बाबा गरजले. "तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्यात मी! भिंत फोडून ओढीन, झिंज्या धरून ओढीन!"

बराच वेळ हे चाललं. मग गर्जना जड झाली. "झिं... झिंज्या... भिंत धरून..." म्हणता म्हणता बाबांनीच भिंत धरली आणि घसरत खाली बसले.

"आली वाटतं," मुलगा पुटपुटला. सुनेची मान खाली पडली होती. सासूबाईंची कानशिलं ठणकत होती. हिला काही झालं तर ते आपण केलेलं असेल, हे त्यांना लख्ख कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं. आपलीच त्यांना भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात दार ढकलून तपासणीच्या बाई आत आल्या. त्यांच्या हातातलं यंत्र उंबऱ्यातच किंचाळू लागलं.

"गिझर बंद करा. खिडक्या उघडा. सगळ्यांना वर गच्चीवर न्या." त्यांनी भिंतीवर नजर फिरवली. "जाळी कुठे गेली?"

सासूबाईंनी डबे बाजूला सारले, बोळा ओढून काढला आणि तो हातात घेऊनच जिना चढल्या.

वर बाबा चटईवर लोळत होते. "महाराजांना फुंकर घाला कुणीतरी," गर्दीतून आवाज आला.

"फुंकर नको. बाजूला व्हा, हवा लागू द्या," बाई म्हणाल्या. "इतके दिवस औषध तेच होतं. हवा कमी पडली की गिझरची ज्योत नीट जळत नाही, विषारी वायू तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, याला वासच नाही. रक्तात प्राणवायूची जागा हा अडवतो. डोकं दुखतं, भास होतात, माणूस जातोही. मोकळ्यावर आणलं की हळूहळू शुद्ध येते. आता चौघांनीही दवाखान्यात जायचं. सूनबाईंनी फोन करून मला सांगितलं, या वेळी न कळवता या, म्हणून आले."

"पण आमची जाळी तर उघडीच असते," मुलगा म्हणाला.

"नसते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बोळा सुनेपुढे ठेवला. "माझ्या गुडघ्यांना वारा लागायचा. तू तपासणीचं बोललीस तेव्हाच मला शंका आली होती. मी बोलले नाही."

सुनेने बोळा उचलून उलटापालटा केला. "आई, मी मेले असते."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

कुणी त्यांना दूषण दिलं नाही. उलट गच्ची हळूहळू रिकामी होऊ लागली. जो तो नजर चुकवून आपापल्या घरी गेला. संध्याकाळी जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात फाटक्या उशा, पायमोजे, पुठ्ठे, वर्तमानपत्रांचे गोळे यांचा ढीग झाला होता. प्रत्येक मजल्यावरची जाळी तपासणीपुरतीच उघडत होती.

बाबा दवाखान्यातून बरे होऊन परस्पर पसार झाले. स्वतः कशाने उठलो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फुंकर आणि गच्ची एकाच वेळी मिळाली, तेव्हा गुण कशाचा, एवढं तरी विचारायला हवं होतं. तुम्हीही विचारा, आणि विचारण्याआधी आपल्या घरची जाळी बघून या.

दोन दिवसांनी सून दवाखान्यातून घरी आली. सासूबाई उघड्या जाळीखाली बसल्या होत्या. वारा झोंबत होता, आणि तो झोंबावा असंच त्यांना वाटत होतं. सुनेने बरोबर नेलेला तो शालीचा तुकडा धुऊन, वाळवून आणला होता.

"गुडघ्यांवर घ्या," ती म्हणाली. "भिंतीत नको."

सासूबाईंनी तो घेतला, पण मान वर करून तिच्याकडे बघणं त्यांना जमलं नाही.